काळं टोपण

लायोशच्या तोंडाला फाटक नव्हतं. ॲडलेडच्या उत्तरेकडच्या वाळवंटातल्या आमच्या कूबर पेडीत जगभरातली माणसं ओपलचे खडे शोधायला आली आणि उन्हाला कंटाळून जमिनीखालीच घरं कोरून राहिली. प्रत्येकाची काहीतरी खोड आहे, ती आम्ही एकमेकांची चालवून घेतो. लायोशची चालवून घेणं मात्र जड जायचं. त्याला खोटं बोलताच यायचं नाही. फार सद्गुणी होता अशातला भाग नाही. जिभेवर आलेलं गिळणं त्याला जमत नसे, एवढंच. खडा घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला हाच सांगणार, "आत बारीक चीर आहे, सहा महिन्यांत फुटेल." गिऱ्हाइकाने पाठ फिरवली की मग दिवसभर स्वतःवरच चिडून बसणार.

माझा नवरा कॉलिन गेला, तेव्हा क्लबात सगळे जमले होते. एकेक जण उठून दोन शब्द बोलत होता. लायोश उठला, टोपी काढली आणि म्हणाला, "कॉलिन माणूस चांगला होता. पत्त्यांत मात्र लबाडी करायचा. त्याची डावी बाही बघत राहावं लागायचं."

सगळा क्लब हसला. मी हसले नाही. त्या दिवसापासून मी त्याच्या दारात पाऊल टाकलं नाही. त्याचं घर गावापासून बारा किलोमीटरवर, त्यामुळे न जायला काही कष्ट पडत नव्हते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात माझ्या या फुगून बसण्याचा वाटा मोठा आहे.

लायोशला या जगात एकच माणूस होता, थानास. लायोश हंगेरीचा, थानास ग्रीक. दोघांची मिळून एक खाण, एकतीस वर्षं. लायोश खाली उतरून खणायचा, थानास वर बसून मोटरीने बादली खालीवर करायचा. आमच्याकडे अशा जोडीदाराला भावापेक्षा वरचं मानतात, कारण वरच्याचा हात चुकला तर खालचा मेला. थानासचा हात एकतीस वर्षांत चुकला नाही. शेवटच्या वर्षी बादली दोन-तीनदा हिसका देऊन खाली आली, तेव्हा थानास म्हणाला, "मोटर म्हातारी झाली." लायोशने नवी मोटर आणून बसवली, तरी एकदा हिसका बसलाच. महिनाभराने थानास म्हणाला, "मुलगी ऐकत नाही रे, ॲडलेडला ये म्हणतेय." आणि गेला.

जाताना त्याने आपला कन्सोल नेला. हा कन्सोल म्हणजे खेळ खेळायचा बंद डबा, मुलीनेच त्याला नाताळात दिलेला. दर रविवारी दुपारी तीनला दोघे तो लावून बसत. त्यातला त्यांचा आवडता खेळ ट्रकांचा: एक लांबलचक तुळई दोन ट्रकांवर आडवी ठेवलेली, पुढचा ट्रक एकाने चालवायचा, मागचा दुसऱ्याने, आणि डोंगरातल्या वळणांवरून ती न पाडता पलीकडे न्यायची. दोघांचा वेग जुळला नाही की तुळई दरीत. पुढे थानास, मागे लायोश. एकतीस वर्षं दोरीच्या दोन टोकांना राहिलेल्या माणसांना हा खेळ शिकवावा लागला नाही.

थानास गेल्यावर तीन महिने लायोश गावात फारसा दिसला नाही. मग एके दिवशी त्याचा फोन आला. मी शाळेत कॉम्प्युटर शिकवून निवृत्त झाले आहे. अख्खं गाव मला अजून बाई म्हणतं, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा लायोशसुद्धा.

"बाई, मला एक डबा बनवायचाय. थानासच्या डब्याशी नेटवरून खेळणारा."

"तसलाच एक विकत घे की. डाकेच्या बसने येईल."

"घेणार नाही. तो शिवून टाकलेला असतो. आत हात घालता येत नाही. जुना झाला की फेका आणि दुसरा आणा. मला उघडता येणारा हवा. आज जमेल तेवढं बसवीन, उद्या वाढवीन."

यात नवल नव्हतं. लायोशचं घरच तसं होतं. फळी हवी झाली की तो भिंतीत फळीएवढं कोरायचा, खोली हवी झाली की खोलीएवढं. टेबलाशेजारी त्याने थानासच्या खुर्चीसाठी एक कोनाडा कोरला होता, पाठीला टेकू मिळेल असा. खुर्ची अजून तिथेच होती, म्हणे.

"मी फोनवर सांगेन," मी म्हटलं. "यायला जमणार नाही."

"यायला कुणी सांगितलंय?" तो म्हणाला.

दुसऱ्यांनी खणून टाकलेले मातीचे ढीग चाळून एखादा खडा मिळतो का बघणं हा आमच्या गावातला फावल्या वेळेचा उद्योग. लायोशने तशीच गावाची कचराकुंडी चाळली. बंद पडलेल्या मोटेलच्या कचेरीतला एक जाड पत्र्याचा कॉम्प्युटर त्याला मिळाला. आतला मदरबोर्ड, म्हणजे ज्यावर बाकी सगळं बसतं ती पाटी, शाबूत निघाला. एका पंक्चरवाल्याकडून दोन पंखे आणले, बदल्यात त्याची पाण्याची टाकी साफ करून दिली. वीज पुरवणारा भाग तेवढा नवा घेतला आणि गरजेपेक्षा मोठा घेतला. "उद्याची सोय," म्हणाला. मेमरीच्या चार खाचांपैकी दोनच भरल्या. आणि चित्र रंगवणारं एक साधंसं ग्राफिक्स कार्ड मागवलं, कारण खेळाचा सगळा जीव त्या कार्डात असतो हे मी त्याला शंभरदा बजावलं होतं.

आठवडाभर तो मला फोनवर विचारत होता आणि मी सांगत होते. त्याच्या हातात स्क्रू आणि माझ्या हातात चहाचा कप. खरं सांगायचं तर कॉलिन गेल्यापासून माझा फोन इतका कधी वाजला नव्हता. तरी मी आवाज कोरडाच ठेवला.

"बाई, या कार्डाच्या मागच्या भोकांना काळी टोपणं आहेत. छान काम केलंय. आमच्याकडची धूळ माहीत असल्यासारखं."

"हं," मी म्हटलं. मला कढीपत्त्याला पाणी घालायचं होतं.

पहिल्या रविवारी त्याचा डबा चालू झाला. पंखे फिरले, दिवे लागले, चित्र आलं, थानासचा आवाज आला. लायोशने मला फोन करून नुसतं "आला" म्हटलं आणि ठेवला. तासाभराने पुन्हा फोन.

"तुळई पडली."

"पडायचीच पहिल्यांदा."

"नऊ वेळा पडली. चित्र अडकत अडकत येतं. वळण आलं की मला दिसतच नाही, आणि दिसतं तेव्हा तुळई दरीत. थानास हसतोय मला."

थानास काय म्हणत असे, ते लायोश मला शब्दाला शब्द सांगायचा. "काय रे लायोश, तुझा डबा कोळशावर चालतो का?" पुढच्या रविवारी, "अरे गाढवा, मी वळलो, तू अजून सरळच!" त्याच्या पुढच्या रविवारी, "कचऱ्यातून उचललंस ना, मग कचराच मिळणार." लायोश हे सांगताना चिडलेला असायचा, पण त्या चिडण्यात खूश असायचा. कुणीतरी शिव्या देत होतं.

चार महिन्यांनी त्याने मेमरीच्या उरलेल्या दोन खाचा भरल्या. फरक शून्य. मग त्याने वर्षभर साठवलेला एक चांगला खडा विकला (आतली चीर सांगूनच) आणि ॲडलेडहून वापरलेलं पण मोठं, दांडगं कार्ड मागवलं. त्या कार्डाने थानासच्या कन्सोलला दोनदा गिळून ढेकर दिला असता. ते बसवलं. तुळई पडायची ती पडतच राहिली.

"पंखे फिरतात का कार्डाचे?"

"फिरतात."

"स्क्रीनची केबल लावलीस ना?"

"लावल्याशिवाय दिसतंय का बाई? शिक्षिका ना तुम्ही?"

मी आकाशातल्या उपग्रहाला दोष दिला. मग त्याच्या टेकडीवरच्या तबकडीला. मग खेळ बनवणाऱ्यांना. एकदा गाडी काढून बारा किलोमीटर गेले असते तर पाच मिनिटांचं काम होतं, हे मला त्या चौदा महिन्यांत कित्येकदा सुचलं होतं. आणि दरवेळी कॉलिनची डावी बाही आठवून मी कप विसळायला उठले होते. मी वाईट वागले. आता म्हणायला सोपं आहे.

मार्चच्या शेवटी त्याचा फोन आला तो रविवारी नव्हे, मंगळवारी.

"बाई, थानास म्हणतोय की पुरे आता. दर रविवारी तेच. तुळई पडते आणि डोकं दुखतं. म्हणाला, ईस्टरपर्यंत बघू, नाही तर सोडून देऊ."

"कुणाच्या ईस्टरपर्यंत? तुझ्या की त्याच्या?"

"मीपण तेच विचारलं. म्हणाला, माझ्या. ग्रीकांचं ईस्टर उशिरा येतं, तेवढीच तुला सवलत." फोनवर त्याच्या घरातली ती जमिनीखालची शांतता ऐकू येत होती. तिथे वारासुद्धा नसतो. "त्याने सोडलं तर मी आठवडाभर कुणाशी बोलणार, ते मला कळत नाही. तुमच्याशी बोलतो, पण तुम्ही रागावलेल्या असता."

त्याला कळत होतं तर. मी रविवारी बारा वाजता त्याच्या दारात उभी होते.

घर तसंच होतं. गुलाबी दगडाच्या भिंती, लाल मिरचीचा आणि कांद्याचा वास, आणि सगळ्यावर कापडं पांघरलेली. लायोशचं धुळीशी हाडवैर होतं. दगडात घर कोरलं की त्याची बारीक पूड आयुष्यभर झडत राहते, आणि ती कॉम्प्युटरच्या आत गेली की तो गुदमरतो. लायोशने डब्याच्या जाळ्यांवर बायकांच्या पायमोज्यांचं कापड ताणून बसवलं होतं. ते कुठून आणलं, ते मी विचारलं नाही. कोनाड्यातल्या खुर्चीवरही कापड होतं.

"उशिरा आलात," तो म्हणाला. चौदा महिन्यांनी की कॉलिन गेल्यानंतर सहा वर्षांनी, ते बोलला नाही.

मी डबा फिरवून पाठ बघितली.

कॉम्प्युटरच्या पाठीला स्क्रीनची केबल लावायला दोन जागा असतात, दिसायला सारख्याच. वरची मदरबोर्डची, पत्रं टाइप करण्यापुरतं चित्र देणारी. खालची त्या दांडग्या कार्डाची. केबल वरच्या भोकात होती. म्हणजे चौदा महिने आधीचं साधं कार्ड आणि मग हे दांडगं, दोन्ही नुसतीच पंखे फिरवत बसली होती. त्यांना कुणी काम सांगितलंच नव्हतं. आणि या कार्डाच्या चारही भोकांवर काळी रबरी टोपणं घट्ट बसलेली होती. नव्या कार्डाला ती नव्हती, म्हणून लायोशने जुन्याची काढून याला लावली होती.

"लायोश, ही टोपणं का नाही काढलीस?"

"टोपण कशाला असतं? धूळ जाऊ नये म्हणून. वर एक उघडं भोक होतं, तिथे केबल बसली. मग चांगलं बंद केलेलं भोक उघडेल कोण?"

असे डबे बनवणारी माणसं ही चूक एकदा तरी करतात. दुसरं कुणीतरी वाकून बघतं, सगळे खो खो हसतात आणि दोन मिनिटांत विषय संपतो. इथे वाकून बघायलाच कुणी नव्हतं. चौदा महिन्यांत या माणसाच्या टेबलामागे एक माणूस गेलं नव्हतं. मला हसू आलं नाही.

मी एक टोपण काढलं, केबल खाली लावली. लायोशने खेळ सुरू केला. डोंगरावर गवत हलत होतं, त्याची पाती दिसत होती. ट्रकच्या आरशात आभाळ सरकत होतं. त्याने एकट्यानेच ट्रक तीन वळणांवरून नेला, तेल घातल्यासारखा. मग टोपी काढून टेबलावर ठेवली.

"थानासचा डबा असा दाखवत नाही," तो हळूच म्हणाला. "एवढं नाही दाखवत."

"नाहीच. तू जिंकलास."

"आज सांगूच नका त्याला. आपोआप कळू दे." डोळे पुसत पुसत तो पोरासारखा हसला. मीही हसले, आणि सहा वर्षांत त्याच्यासमोर पहिल्यांदाच.

तीन वाजता थानास आला. आवाज म्हातारा झाला होता. "काय रे, कोळसा भरलास का आज?"

"भरला, भरला. चल."

दोन ट्रक निघाले. पहिलं वळण. लायोश मागे, ठरल्या अंतरावर, एका वेगात. आता त्याला सगळं स्पष्ट दिसत होतं. मलाही. पुढचा ट्रक डावीकडे गेला, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. नेट अडकलं की गाडी उडी मारते, एका जागेवरून गायब होऊन दुसरीकडे उगवते. हा ट्रक उडी मारत नव्हता. तो थरथरत होता. सरळ रस्त्यावरही थरथरत होता. दुसऱ्या वळणावर त्याला अचानक हिसका बसला आणि तुळई दरीत गेली.

"बघ!" थानास ओरडला. "पुन्हा तुझा डबा! मी आपला बरोबर चाललोय आणि तू..."

लायोशचं तोंड उघडलं. तो काय बोलणार ते मला माहीत होतं, कारण तेच खरं होतं, आणि लायोशला खरं गिळता येत नसे. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवायला उठले. पण तो स्क्रीनकडे बघतच राहिला. मग आपल्या उजव्या हाताने एक दोरी वरून खाली येत असल्यासारखी खूण केली, आणि शेवटी हात झटकला. तो हिसका. मोटर बदलूनही न गेलेला, कारण तो थानासच्या हातातला होता.

"हो," लायोश म्हणाला. "माझाच डबा."



"थानास, ऐकतोस? सगळं करून बघितलं. आज बाईंना बोलावलं, त्यांनीही हात टेकले. हा आता सुधारत नाही. असाच राहणार." त्याने कोनाड्यातल्या खुर्चीकडे बघितलं. "असा चालेल का तुला?"

मग थानासचा आवाज आला, अगदी वेगळा, पूर्वी क्लबात एखाद्याला जागा करून देताना यायचा तसा.

"चालेल रे. चालवून घेऊ. मी हळू जातो. तुझ्यासाठी."

"हळू जा."

"आणि पडली तर पडली. शिव्या देईन मी."

"दे की."

तासभर ते खेळले. तुळई अकरा वेळा पडली. अकराही वेळा थानासने लायोशच्या डब्याचा उद्धार केला आणि लायोश मुकाट्याने ऐकत होता. खाली मान घालून, कारण वर बघितलं की त्याचे ओठ हलायला लागत. चार वाजता थानास गेला. लायोशने सगळं बंद केलं.

"बाई, ती केबल होती तिथे लावा."

"अरे, पण आता सगळं जमलंय. तू नुसतं बोलू नकोस, म्हणजे झालं."

"मला नुसतं गप्प बसता येत नाही. आज आलं, कारण तुम्ही होतात. पुढच्या रविवारी मी एकटा असेन. मला तो ट्रक दिसला, तर मी बोलून जाईन. माझं तोंड तुम्हाला माहीत आहे." त्याने खुर्चीवरचं कापड सारखं केलं. "नाही दिसला तर नाही बोलणार."

मी टेबलामागे गेले. केबल वरच्या भोकात लावली. काळं टोपण माझ्या खिशात होतं. ते बसवताना मला ज्याचा राग सहा वर्षं होता, तेच ओठांवर आलं.

"आज इतकं छान खोटं बोललास. कॉलिनच्या वेळी का नाही बोललास रे?"

लायोश विचार करत होता. त्याला विचारलं की तो खरंच विचार करतो.

"तेव्हा येत नव्हतं, बाई," तो म्हणाला.

मी टोपण अंगठ्याने दाबून घट्ट बसवलं. त्याने मला कांद्याची आमटी वाढली आणि कोनाड्यातल्या खुर्चीवरचं कापड काढून मला तिथे बसायला सांगितलं.